तिघांत हॅझर्ड ४ : दारूगोळा पुरत नाही. गेमच बदलावा का?

अर्धा_कप

मंडळी, डीप रॉक गॅलॅक्टिक (मिळून खाणकाम करायचं आणि किडे मारायचे असा गेम) खेळणारे तिघं आहोत. दोघे पुण्यात, एक जर्मनीत. हॅझर्ड, म्हणजे अवघडपणाची पातळी, ३ हसतखेळत निघतं. ४ ला मात्र तिसऱ्या झुंडीपर्यंत तिघांच्याही बंदुका रिकाम्या. क्लास : गनर, ड्रिलर, स्काउट. एका मिशनमध्ये रीसप्लाय, म्हणजे दारूगोळ्याचा पुरवठा, जेमतेम दोनदा बोलावता येतो, कारण त्याला लागणारं खनिज, नायट्रा, तेवढंच जमतं.

विचारायचं ते असं. इंजिनिअर नाही म्हणून हे होतंय का? होस्ट कोणी व्हावं? आणि गेम बदलायचाच ठरला तर हेलडायव्हर्स २, रेडी ऑर नॉट आणि लेफ्ट फॉर डेड २ यांतलं तिघांना काय झेपेल? एकाच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. "नेम सुधारा" एवढं सोडून काहीही सांगा.

---

मोलीच्या_मागे

इंजिनिअर नाही म्हणून होतंय, पण कारण त्याची टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) नव्हे. कारण नायट्रा.

नायट्राच्या लाल शिरा बऱ्याचदा उंच भिंतीत नाहीतर थेट छताला असतात. इंजिनिअर शिरेच्या जरा खाली प्लॅटफॉर्म चिकटवतो, स्काउट ग्रॅपल (दोर लावलेला आकडा) मारून त्यावर उतरतो आणि निवांत खणतो. प्लॅटफॉर्म नसेल तर स्काउट हवेतल्या हवेत दोन घाव घालतो आणि खाली आपटतो. हेल्थ जाते आणि शीर वरच राहते. ही जोडी तोडून कुठलाही तिघांचा संघ हॅझर्ड ४ ला उपाशीच राहणार. प्लॅटफॉर्म शिरेला अगदी खेटून मारू नका, स्काउटला उभं राहायला जागा उरत नाही. माणूसभर खाली मारा.

आता हिशोब. एका रीसप्लायला ८० नायट्रा. खिशात एका खनिजाचे मूळचे ४० मावतात. म्हणजे दोन भरलेले खिसे मोलीत (खनिज वाहणाऱ्या चालत्या यंत्रात) रिकामे झाले की एक पॉड, म्हणजे दारूगोळा घेऊन वरून येणारी पेटी. पॉडला कप्पे चार, आणि एका कप्प्यातून एकूण क्षमतेच्या निम्मा दारूगोळा मिळतो. तुमच्याकडे ७० टक्के शिल्लक असताना कप्पा घेतलात तर २० टक्के वाया. तेव्हा मुख्य शस्त्र निम्म्याच्या खाली गेल्याशिवाय हात लावायचा नाही. तिघं असलात तरी कप्पे चारच येतात, त्यामुळे चौथा कोणाचा हे तोंडानं विचारून घ्या. न विचारता दोन घेणारा माणूस प्रत्येक लॉबीत असतो.

बोलावण्याची वेळ चुकते ती अशी : मिशन कंट्रोल "झुंड येतेय" म्हणतो आणि तेव्हा सगळ्यांना आठवण होते. पॉड खाली यायला वेळ लागतो, येताना वरचा दगड फोडत येतो, आणि त्याच्या खाली उभा असलेला जातो. वर कप्पा उघडेपर्यंत बंदूक बंद. झुंड संपली, शांतता झाली, की लगेच बोलवा. शक्यतो पुढे जिथे लढायचं तिथेच पाडा, मागे सोडून आलेल्या भुयारात नको.

गोळ्या नेमक्या कुठे जातात तेही बघा :

स्वॉर्मर, म्हणजे ते उंदराएवढे, एका कुदळीत मरतात. त्यांच्यावर मिनीगन फिरवणारा गनर म्हणजे डासाला तोफ.

प्रिटोरियनला समोरून चिलखत असतं. सगळे समोर उभे राहून मारतात तेव्हा निम्म्या गोळ्या चिलखत सोलण्यात जातात. एकानं त्याचं तोंड स्वतःकडे ठेवायचं, दुसऱ्यानं मागून पोटावर मारायचं. ऑप्रेसरला तर समोरून काहीच होत नाही, मागे जावंच लागतं.

एक्स्प्लोडर लांब असतानाच फोडा, गर्दीच्या मधोमध असेल तर उत्तम. शेजारी फुकटात जातात.

स्काउटनं गर्दीवर गोळी घालायची नाही. त्याचं काम लांबून थुंकणारे, जाळी फेकणारे आणि छताला लटकलेले केव्ह लीच. गर्दी ड्रिलरच्या आगीला द्या. क्रायो (गोठवणारं शस्त्र) घेतला असेल तर गोठलेल्यावर बाकीच्यांनी तुटून पडायचं, कारण गोठलेला शत्रू कितीतरी जास्त मार खातो. एका मोठ्या शत्रूमागे वाचणारी मॅगझिन मोजून बघा.

होस्टचं : डीप रॉकला वेगळा सर्व्हर नाही. होस्टच्या मशीनवरच सगळे किडे "जगतात". होस्ट बाहेर पडला की मिशन बंद, राज्य दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून जुना लॅपटॉप होस्ट नकोच. तो किडे सांभाळायला लागला की तिघांचाही खेळ अडखळतो. पुण्यातल्या बऱ्या मशीनवर होस्ट करा. शक्य असेल तर वायफाय सोडून लॅनची वायर लावा. जर्मनीवाल्याला लॅग राहणार, त्याला इंजिनिअर द्या. टरेटला लॅगशी देणंघेणं नाही. ड्रिलर मात्र त्याला नको. ड्रिलर किड्यांच्या तोंडाशी उभा असतो, आणि लॅगमध्ये किडा दिसतो त्याआधीच चावून झालेला असतो.

---

भुयारी_मार्ग

वरच्या बहुतेक मुद्द्यांना +१. पण तिसरा कोण, गनर की ड्रिलर, हे राहिलं. माझं मत सरळ आहे : मिशन बघून ठरवा, आवड बघून नको.

पॉइंट एक्स्ट्रॅक्शन मिशन : जितका वेळ घालवाल तितके किडे वाढतात. ड्रिलर घ्या, तो अक्वार्कपर्यंत (तिथे गोळा करायच्या स्फटिकांपर्यंत) थेट भुयार पाडतो. रिफायनिंगमध्येही तोच, कारण पाइपलाइन वळसे न घेता नेता येते. एस्कॉर्टला किंवा एलिमिनेशनला गनर, शील्ड जनरेटरसाठी. शील्ड स्वतःसाठी राखून ठेवू नका. खाली पडलेल्याला उठवताना त्याच्यावर टाका, तिथेच तिची खरी किंमत.

शेवटची पाच मिनिटं, म्हणजे काम संपल्यावर परतीच्या पॉडकडे पळतानाची, ड्रिलरविना जड जातात हे कबूल. मोली बटण दाबल्यावर स्वतःची वाट काढत पॉडकडे निघते, तिच्या मागे जाता येतं, पण ती वाट कधी कधी उभ्या कड्यावरून असते. ड्रिलर नसेल तर गनरनं झिपलाइनचं एक टोक परतीच्या उंचीवर आधीच अडकवून ठेवावं. आणि लक्षात घ्या, एक जण जरी पॉडमध्ये पोचला तरी मिशन यशस्वी. त्यामुळे दोघे पडले असतील आणि वेळ ४० सेकंद उरला असेल तर स्काउटनं उठवायला परत जाऊ नये. कठोर वाटेल, पण अख्ख्या मिशनचा मोबदला त्यानंच वाचतो.

एग हंटमध्ये एक चूक सगळे करतात. अंडं उपसलं की झुंड येऊ शकते. सापडलं तसं उपसू नका. भोवतीचा मऊ भाग खणून अंडं उघडं ठेवा, दारूगोळा भरा, मोलीला जवळ बोलवा, मग हात घाला. अंडं हातात असताना गोळी झाडता येत नाही. ते मोलीच्या दिशेनं फेकत फेकत न्या, मधे मधे बंदूक मोकळी होते.

---

कडीकोयंडा

रेडी ऑर नॉट या स्वॉट पोलिसांच्या खेळाबद्दल. पाच जणांपर्यंत चालतो, त्यामुळे तिघं आरामात. पण तुमच्या त्या लॅपटॉपवर नाही. पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०२३ ला आली, तेव्हापासूनच हा खेळ मशीनला जड आहे.

हा गोळीबाराचा खेळ समजून घेतलात तर पैसे वाया. हा दरवाज्यांचा खेळ आहे. प्रत्येक बंद दाराशी क्रम एकच : आरसा दाराखालून घालून आत माणसं कुठे उभी आहेत ते बघायचं, दाराला तार लावलेली आहे का ते बघायचं. तार असेल तर दार फटीएवढं उघडून मल्टिटूलनं कापायची. खोलीला दुसरं दार असेल आणि तिकडून जायचं नसेल तर त्याला वेज (पाचर) ठोकायची, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही. मग फ्लॅशबँग, मग आत. पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे. तिसऱ्यानं दारातच पाठ सांभाळायची, तिघांच्या संघात हे काम सगळ्यात जास्त विसरलं जातं.

सी२ (दार उडवणारं स्फोटक) लावलं तर दाराच्या समोरून बाजूला व्हा. पलीकडे दाराला चिकटून ओलीस असेल तर तो मेलाच समजा, म्हणून आरशाशिवाय सी२ नाही.

गुण जातात ते ओरडायला विसरल्यामुळे. संशयितानं शस्त्र रोखलेलं नसताना, त्याला शरण यायची संधी न देता झाडलेली गोळी म्हणजे दंड. आणि शेवटी जमिनीवर पडलेली प्रत्येक बंदूक उचलायची, प्रत्येकाला बेड्या घालून रेडिओवर कळवायचं. मिशन संपत नाही म्हणून वैतागणारे निम्मे लोक एखादं पिस्तूल सोफ्यामागे सोडून आलेले असतात.

---

वर_खाली_उजवीकडे

हेलडायव्हर्स २ (फेब्रुवारी २०२४, पीसी आणि पीएस५) तुमच्या तक्रारीवर औषध आहे असं म्हणणार नाही, पण रीसप्लायचं गणित तिथे सोपं आहे. खनिज गोळा करायचं नाही. खाली, खाली, वर, उजवीकडे एवढं दाबलं की पेट्या येतात, पुन्हा बोलवायला फक्त ठरावीक वेळ थांबायचं. ती वेळ सगळ्यांची मिळून एकच आहे, तेव्हा कोणीही मनाला येईल तेव्हा दाबू नये.

साथीदाराला परत आणायचा कोड वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. हा बोटांना पाठ असायला हवा, कारण तो नेहमी पळत पळत दाबावा लागतो. परत आणायची संधी माणशी पाच याप्रमाणे राखीव, म्हणजे तिघांना पंधरा. आपसातल्या गोळ्या पुरेपूर लागतात, ते बंद करायची सोयच नाही. निम्मी मरणं स्वतःच्याच एअरस्ट्राइकनं येतात. गोळा टाकायच्या आधी माइकवर ओरडा, आणि टाकल्यावर त्याच दिशेनं पळू नका.

प्रत्येकाला चार स्ट्रॅटेजेम (कोड दाबून मागवायची शस्त्रं आणि मदत), म्हणजे तिघांत बारा. त्यातले किमान तीन तरी जड चिलखत फोडणारे असले पाहिजेत आणि ते एकाच माणसाकडे नकोत. तो मेला की त्याचं सामान तो मेला तिथेच पडतं, आणि तिथे आता टँकसारखा चार्जर (चिलखती किडा) उभा असतो.

---

जुनं_ते_सोनं

लॅपटॉपवाल्याला वगळायचं नसेल तर झोंबी मारायचा लेफ्ट फॉर डेड २. नोव्हेंबर २००९ चा आहे, कुठल्याही डब्यावर पळतो, सेलमध्ये चहा-वड्याच्या भावात मिळतो. चौथी जागा बॉट घेतो. नेम बरा असतो त्याचा, पण मोलोटोव्ह किंवा पाइपबॉम्ब तो फेकत नाही. ते सगळे तुम्हीच उचला.

दोन नियम पुरेत. पहिला, दोनदा खाली पडून उठलेला तिसऱ्यांदा पडला की मेला. त्याला पडदा काळा-पांढरा दिसायला लागतो. मेडकिट त्याच्यावर वापरा, औषधाच्या गोळ्या नको. गोळ्यांनी येणारी हेल्थ तात्पुरती असते आणि पडण्याची मोजणीही पुसली जात नाही. दुसरा, टँक (दांडगा झोंबी) आला की मोलोटोव्ह, आणि मग पळत पळत जळू द्या. विच (रडत बसलेली झोंबी बाई) रडताना ऐकू आली तर टॉर्च बंद.

---

अर्धा_कप

सगळ्यांचे आभार. म्हणजे तूर्त गेम तोच, इंजिनिअर जर्मनीवाल्याला, होस्ट डेस्कटॉपवर. एकच शंका : प्लॅटफॉर्मची काडतुसं रीसप्लायमधूनच भरतात ना? मग नायट्रासाठी ती उधळली तर लढाईत भोक बुजवायला काय उरणार?

---

मोलीच्या_मागे

हो, त्याच कप्प्यातून भरतात, बंदुकांबरोबर. शिरेमागे एकच प्लॅटफॉर्म, दोन नाहीत. ज्या शिरेत १५-२० च्या वर नायट्रा दिसत नाही ती सोडून द्या. स्काउटनं आधी वर फ्लेअर मारून शीर केवढी ते बघावं आणि पिंग करावं, म्हणजे खूण करून दाखवावी, पिंग आल्याशिवाय इंजिनिअरनं झाडायचं नाही. जमिनीवरची शीर आधी, छताची नंतर. आणि लांबवरच्या एकट्या शिरेसाठी स्काउट एकटाच गेला तर केव्ह लीच त्याला उचलून नेईल, तेव्हा निदान दिसेल एवढ्या अंतरावर कोणीतरी उभं राहा.