मदत हवी आहे : एलईडी पॅनेल पांढरा केला की शेवटच्या ओळी लालसर पडतात

मंडळी, या प्रकारात मी नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. डब्ल्यूएस२८१२बी ची (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो ती) पट्टी कापून १६ बाय १६ चा पॅनेल केलाय, म्हणजे २५६ एलईडी, नागमोडी जोडलेत, ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वर एलईडी चालवायची फास्टएलईडी लायब्ररी, सप्लाय ५ व्होल्ट १० अँपिअरचा आणि डेटा पिन थेट पट्टीला. नुसता लाल लावला तर झकास दिसतं, पण पांढरा लावला की वरच्या चार-पाच ओळी पांढऱ्या, मग पिवळट होत होत खालच्या चक्क लाल. शिवाय ब्राइटनेस कमी असला तरी मधेच कुठलातरी एलईडी भलत्याच रंगात चमकून जातो. मला वाटलं कोडच गंडलाय, दोन रात्री त्यातच घातल्या, मग मल्टिमीटर लावला तर सप्लायपाशी ५ आणि शेपटाला ३.४ व्होल्ट! एलईडी खराब निघाले का? की सप्लाय मोठा घेऊ?

प्रतिसाद १ : एलईडी ठणठणीत आहेत. लालला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात, म्हणून व्होल्टेज पडलं की लाल तेवढा उरतो. पट्टीवरचं तांबं पातळ असतं, एका टोकातून सगळा करंट ढकलला तर असंच होणार, सप्लाय कितीही मोठा घ्या. दर चार ओळींनी जाड वायरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या. आणि पूर्ण पांढऱ्यात एकेक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे १५ अँपिअरच्या वर, तेव्हा कोडमध्ये ८००० मिलिअँपिअरची मर्यादा घाला, फास्टएलईडीत सोय आहे.

चमकण्याचं दुखणं वेगळं आहे. ईएसपी डेटा पिनवर देतं ३.३ व्होल्ट, पट्टीला डेटातला हाय (म्हणजे १) कळायला सप्लायच्या ०.७ पट म्हणजे ३.५ हवेत. कधी चालतं कधी नाही. मधे ७४एएचसीटी१२५ टाका, ही चिप ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करून देते.

धागाकर्ता : आत्ताच शेपटाला तात्पुरती वायर दिली, लाल गायब, मधल्या ओळी किंचित पिवळट आहेत अजून. चमकणं मात्र तसंच. चिप मागवतो, पण ती ३.३ वर चालवू की ५ वर?

प्रतिसाद १ : ५ वरच हो, नाहीतर लावून उपयोग काय! वापरताय त्या गेटची (चिपमधल्या चार मार्गांपैकी एकाची) इनेबल पिन, म्हणजे तो चालू करणारी, ग्राउंडला, आणि बाकीचे इनपुट मोकळे सोडू नका, तेही ग्राउंडला बांधा.