रिव्हर क्रूझचं विमान आपलं आपण काढायचं की कंपनीकडनं? (पासाऊ ते बुडापेस्ट)

टिळकवाडीचा रिटायर्ड
मंडळी, घरात दोन पार्ट्या पडल्यात म्हणून इथं विचारूलालो. सप्टेंबरात आम्ही दोघं आणि निपाणीचे मेव्हणे दोघं असे चौघं डॅन्यूबवर ७ रात्रींच्या क्रूझला जाणार, जर्मनीत पासाऊला जहाजात बसायचं, लिंझ, मेल्क, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टला उतरायचं. क्रूझचे पैसे भरून झालेत. आता कंपनी म्हणते विमान पण आमच्याकडनंच घ्या, बेंगळूरहून नेतो, परत आणतो, विमानतळावरनं जहाजापर्यंत बसपण आमचीच. मी बसून हिशोब घातला, स्वतः काढलं तर माणशी २०-२२ हजार वाचतात. पण खरा वैताग पैशाचा नाही ओ. विमान कुठलं, कुठं बदलायचं हे ते निघायच्या दोन-अडीच महिने आधी सांगणार, आणि ज्या दिवशी संध्याकाळी जहाज सुटणार त्याच दिवशी सकाळी म्युनिकला उतरवणार. मी बँकेत ३६ वर्षं काढली, दुसऱ्यानं घातलेली बेरीज स्वतः एकदा घातल्याशिवाय सही केली नाही. मेव्हणे म्हणतात जबाबदारी कंपनीची, आपण कशाला डोक्याला ताप लावून घ्यायचा. बोला.

शहापूरची सून
काका, मेव्हण्यांचं ऐका. आमच्या सासऱ्यांनी दोन वर्षांमागं हेच केलं, क्रूझ आम्स्टरडॅमहून होती, र्‍हाईनची. सांबरा (आपला बेळगावचा विमानतळ) ते मुंबई एक तिकीट, मुंबई ते आम्स्टरडॅम दुसरं तिकीट, दोन्ही वेगवेगळी काढलेली, स्वस्त पडलं म्हणून आठ दिवस सगळ्या गल्लीला सांगत होते. जुलै महिना, सांबऱ्याला धो धो पाऊस, विमान चार तास लेट. मुंबईला पोचेपर्यंत पुढच्या विमानाचं गेट बंद. काउंटरवरची पोरगी म्हणाली तुम्ही नो-शो झालात, त्यामुळं परतीचं तिकीटपण रद्द. सासऱ्यांनी पाकिटातनं कार्ड काढलं पण पिन आठवेना, दोनदा चुकला, शेवटी सासूबाईंनी पर्समधली डायरी काढून वाचून दाखवला, सगळ्या लाईनीदेखत मोठ्यानं. नवीन तिकिटं काढून गेले तोवर जहाज निघून गेलेलं, तिसऱ्या दिवशी कोलोनला गाठलं. दोन रात्रींचे पैसे पाण्यात. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

हिंदवाडी ७
वहिनी वाईट वाटलं वाचून, पण एक सांगा, क्रूझ कंपनीचं विमान घेतलं असतं तर काय फरक पडला असता? कंपनीचं तिकीट मुंबईपासून सुरू होतं, सांबऱ्यापासून नव्हे. बेळगावहून मुंबईला पोचायची जबाबदारी तेव्हाही सासऱ्यांचीच होती. काकांचंपण तसंच, कंपनी बेंगळूरपासून बघणार. बेंगळूरच्या अलीकडं तुम्ही ट्रेननं या, बसनं या, चालत या, त्यांना देणंघेणं नाही. आपल्याकडच्या लोकांना वाटतं कंपनीला पैसे दिले म्हणजे घरच्या उंबऱ्यापासून घेऊन जाणार. सगळी भीती युरोपची आणि घोटाळा होतो सांबऱ्याला.

म्हणून माझं म्हणणं असं की बेळगावपासून शेवटपर्यंत एकाच पीएनआरवर मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या, मग मधलं कनेक्शन चुकलं तर पुढं न्यायची जबाबदारी विमानवाल्यांची. नाही मिळालं तर बेंगळूरला आदल्या दिवशी पोचा. आता वंदे भारत आहे की, पहाटे बेळगावहून सुटते, दुपारी बेंगळूर, युरोपची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर. एक रात्र लॉजवर काढली तर दोन-तीन हजार जातील, जाऊ देत. आणि तिकीट मल्टी-सिटी काढा, जाताना म्युनिक, येताना बुडापेस्टहून. दोन वन-वे काढू नका, उगीच महाग पडतात.

यमगर्णी नाका
मी मेव्हण्यांच्या पार्टीत, निपाणीचा गाववाला आहे म्हणून नाही. तुम्ही सगळे विमानाचंच धरून बसलाय, नदीचं कोण बोलणार? आमच्याकडं २०१९ ला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा कोल्हापूरला जाणारे इथंच अडकून पडले. डॅन्यूबचंपण तसंच आहे, फक्त फोटोत बरी दिसते. २०१३ च्या जूनमध्ये पासाऊत पाणी जवळजवळ १३ मीटरला गेलेलं, जुनं गाव सगळं पाण्यात, पाचशे वर्षांत एवढा पूर नव्हता म्हणतात. २०२४ च्या सप्टेंबरात परत पूर, जहाजं जिथल्या तिथं बांधून ठेवलेली. बघा, महिना कुठला, सप्टेंबर! पाणी वाढलं की पुलाखालनं जहाज जात नाही, कमी झालं की बूड टेकतं. मग कंपनी काय करते, पासाऊऐवजी लिंझला चढा म्हणते. ज्यांनी कंपनीचं विमान घेतलंय त्यांना विमानतळावर पाटी घेऊन माणूस उभा, बसमध्ये बसवून थेट लिंझ. ज्यांनी स्वतः काढलंय त्यांना एक ईमेल. तो ईमेल तुम्ही विमानात असताना येतो.

मी स्वतः २०२२ च्या ऑगस्टमध्ये र्‍हाईनवर होतो, कौब गावाजवळ पाणी मोजायची पट्टी ४० सेंटीमीटरच्या खाली आलेली. एका सकाळी बॅगा भरायला लावल्या, बसनं अर्धा दिवस नेलं आणि तसल्याच दुसऱ्या जहाजावर चढवलं, खोलीचा नंबरसुद्धा तोच. मला कसलीही काळजी करावी लागली नाही, बसमध्ये झोपलो.

कॅम्पातला सायकलवाला
नाका साहेब, बसनं नेलं ते जहाजाच्या प्रवासात, ते सगळ्यांनाच असतं, स्वतः विमान काढलेल्यांनापण. प्रश्न फक्त पहिल्या दिवसाचा आहे. आणि तिथं नदीचं जहाज म्हणजे समुद्राचं नव्हे हे विसरू नका. समुद्रात जहाज चुकलं तर पुढचं बंदर दुसऱ्या देशात, दोन दिवसांवर. इथं जहाज ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालतं, वाटेत लॉकमध्ये (जहाज वर-खाली करायला पाणी अडवलेले दरवाजे) थांबतं आणि काठाकाठानं रेल्वे आहे. पासाऊ ते लिंझ ट्रेननं साधारण तासभर. पासाऊला चुकलं तर लिंझला धरा, लिंझला चुकलं तर व्हिएन्नाला. वहिनींच्या सासऱ्यांनीपण कोलोनला गाठलंच की.

आणि काका त्याच दिवशी पोचणारच नाहीयेत, दोन दिवस आधी जाणार असं मी धरतोय. तसं असेल तर पाणी वाढो नाहीतर विमान लेट होवो, हातात ४८ तास आहेत. कंपनीच्या तिकिटावर हातात असतात सहा तास. कुठलं सुरक्षित ते तुम्हीच सांगा.

अजून एक, विमान कंपनी युरोपियन घेतली तर जातानाही युरोपियन युनियनचा २६१ नंबरचा नियम लागू होतो, ३ तासांपेक्षा उशिरा पोचवलं तर एवढ्या लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई, हवामानाचं कारण असेल तर मात्र नाही. आखाती कंपनीनं गेलात तर हा नियम फक्त परत येताना.

चोर्ला घाट
एवढे लाख घालून नदी बघायला जातायसा, कणकुंबीला मलप्रभेचा उगम फुकट बघायला मिळतोय. विमान नको, व्हिसा नको, एस्टी थांबते.

शहापूरची सून
घाट भाऊ 😄 तिथं जाऊन बायकोला सेल्फी काढायला दाखवा बघू.
सायकलवाले, ४८ तासांचं पटलं मला. तरी पण एक सांगते. काका ६०च्या पुढचे, काकू असतील, चार मोठ्या बॅगा. म्युनिक विमानतळावरनं पासाऊला जायला मध्ये लांडशूटला गाडी बदलायची, मी बघितलंय मॅपवर. जिना, फलाट, दहा मिनिटं. बेळगाव स्टेशनावर हमाल मिळतो, तिथं कोण उचलणार? तुम्ही सायकलवाले, तुम्हाला काय.

हिंदवाडी ७
लांडशूटला लिफ्ट असेल ओ वहिनी, जर्मनी आहे ते. नसेल भरवसा तर चौघांत मिळून टॅक्सी करा, वाचलेल्या पैशातनं. नाहीतर बायर्न-तिकीट घ्या, एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर लोकल गाड्या, कामाच्या दिवशी फक्त सकाळी ९ नंतर.

खानापूरचा पावणा
व्हिसाचं कुणीच बोलेना. काका, तिकीट आधी पक्कं करू नका, व्हिसाला रिझर्व्हेशन चालतं. आणि बघा, शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज करायचा तो जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं. कंपनीबरोबर गेलात तर जहाजाच्या बहुतेक रात्री ऑस्ट्रियात, म्हणजे ऑस्ट्रिया. पण स्वतः विमान काढून आधी म्युनिकला चार-पाच दिवस घातलेत तर पारडं जर्मनीकडं झुकतं आणि अर्जच दुसरीकडं जातो. आमच्या वर्गमित्रानं हे न मोजता अर्ज दिला आणि परत बेंगळूरच्या दोन खेपा झाल्या. फी ९० युरो, इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा, अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. सीमेवर फोटो आणि बोटांच्या ठशांची नवीन सिस्टीम ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे, पहिल्या विमानतळावर लाईन मोठी असते, फ्रँकफर्टला बदलायचं असेल तर दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका.

गणपत गल्ली हिशेबवाला
टॅक्सचं पण मोजा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (विकणारा आधीच घेतो तो टॅक्स) कापतात, नुसतं विमानाचं तिकीट घेतलं तर ते पॅकेजमध्ये धरत नाहीत. इथल्या एजंटकडनं क्रूझ आणि विमान एकत्र घेतलंत की सगळ्या रकमेवर कापणार. रिटर्न भरताना मिळतात परत, पण तोवर पैसे अडकले की.

यमगर्णी नाका
पैसे, पैसे, पैसे. बायकोला घेऊन जाताय काका, चाळीस वर्षांनी. एक दिवस तरी दुसऱ्याच्या हातात बॅग द्या.

टिळकवाडीचा रिटायर्ड
सगळ्यांचं वाचलं, रात्री मेव्हण्यांना फोनवर वाचूनपण दाखवलं. नाका, तुमचं शेवटचं वाक्य हिनं ऐकलं आणि दिवसभर ऐकवूलाली मला. पण दोन दिवस आधी जायचं हेही तिलाच पाहिजे, पासाऊला तीन नद्या एकत्र येतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ, तिन्हींच्या पाण्याचा रंग वेगळा, ते तिला सावकाश बघायचंय. तर ठरलं असं. आम्ही दोघं बेंगळूर-म्युनिक आणि बुडापेस्ट-बेंगळूर मल्टी-सिटी काढणार, बेंगळूरला आदल्या दिवशी वंदे भारतनं. म्युनिकला मुक्काम नाही, थेट पासाऊ दोन रात्री, म्हणजे व्हिसा ऑस्ट्रियाच राहतो, धन्यवाद पावणा. लांडशूटला बॅगा मी उचलणार, दोनच नेणार, कुणी काही म्हणा. मेव्हणे कंपनीच्याच विमानानं येणार, ऐकायला तयार नाहीत. मी म्हटलं ठीक आहे, मी धक्क्यावर कुंदा घेऊन उभा राहतो, बघू तुम्ही किती वाजता येताय.

खानापूरचा पावणा
काका कुंदा नको. दुधाचे पदार्थ बाहेरनं युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे खवाच की. मिठाई आहे म्हणून कस्टमवाल्याशी वाद घालायची तयारी असेल तर न्या.

शहापूरची सून
गोकाकचा करदंट न्या काका. डिंक, गूळ, सुकामेवा. खवा नाही.

टिळकवाडीचा रिटायर्ड
मेव्हण्यांना करदंट चावत नाही, खालची दाढ काढलीय. तरी घेतो.