हेड बदलण्याआधी डॅम्पर बघा

इको सॉल्व्हंट मशीनवर (बॅनर-व्हिनाइल छापणारा मोठा इंकजेट प्रिंटर) मोठा सॉलिड, म्हणजे रंगाने पूर्ण भरलेला भाग छापताना मजेंटा (गुलाबीसर शाई) मध्येच फिका पडतो आणि क्लिनिंग केलं की परत येतो, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या प्रश्नावर आधी दोघांनी हेड (कागदावर शाई फवारणारा भाग) गेलं म्हणून सांगितलं, ते मला पटत नाही. नोझल (हेडमधलं शाईचं बारीक छिद्र) तुंबलं असतं तर नोझल चेकमध्ये (प्रत्येक नोझलची रेघ छापून बघायची चाचणी) त्याच त्या रेघा कायम गायब दिसल्या असत्या. तुमचा चेक पूर्ण येतो आणि भरगच्च छपाईतच रंग तुटतो, म्हणजे शाई हेडपर्यंत पुरेशी पोचत नाहीये. आधी मजेंटाचा डॅम्पर, म्हणजे हेडच्या अगदी आधी शाई गाळून देणारी छोटी डबी, बदला. त्याच्या आतली बारीक जाळी गाळाने भरते. सोबत शाईची नळी डॅम्परला जोडणाऱ्या नटखालची ओ-रिंगही (रबरी कडी) नवीन टाका, तिथूनही हवा शिरते.

तरीही फरक नाही पडला तर कॅप टॉप (छपाई नसताना हेडला खालून झाकणारी कॅप) तपासा. कॅरेज (हेड घेऊन सरकणारा भाग) बाजूला घेऊन कॅपमध्ये क्लिनिंग सोल्युशन भरा. पंप चालू केल्यावर ते झटकन ओढलं गेलं पाहिजे. कॅपच्या रबरी कडेवर वाळलेली शाई असेल तर हेडवर कॅप नीट बसत नाही आणि क्लिनिंग वाया जातं.

एक कळकळीची विनंती, सिरिंजने जोर लावून हेडमध्ये सोल्युशन ढकलू नका. आतला पडदा फाटला की रंग एकमेकांत मिसळतात, मग खरोखरच नवीन हेड घ्यावं लागतं. आणि डॅम्पर काढताना मेन स्विच बंदच हवा. हेडला जोडलेल्या डेटा केबलच्या कनेक्टरवर शाईचा एक थेंब पडला तरी हेडसोबत बोर्डही जळू शकतो.