सल्ला हवाय: 'नर्व्हस कंडिशन्स' इकोफेमिनिस्ट नजरेने वाचायचीये, सुरुवात कुठून करू?

शेवंती
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात पुढची कादंबरी त्सित्सी डांगारेम्ब्गा यांची 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) ठरलीये आणि चर्चेची सुरुवात मी करायची आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, ही ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या टाम्बू नावाच्या मुलीची गोष्ट, काळ १९६० चं दशक, ती शिकते कशी, मोठी होते कशी, आणि त्यासाठी तिला काय काय सोडावं लागतं ते सगळं तीच सांगते. आम्ही यावेळी इकोफेमिनिस्ट अंगाने, म्हणजे बाईवरची सत्ता आणि निसर्गावरची सत्ता यांचा संबंध बघत, वाचायचं ठरवलंय. मी नेटवर शोधलं तर बहुतेक ठिकाणी नदी म्हणजे स्त्री, माती म्हणजे आई, एवढंच मिळतंय आणि ते वाचून माझं काही समाधान होत नाहीये. नदी कादंबरीत आहेच, न्यामारिरा, आणि फार सुंदर आहे, पण फक्त प्रतीकं गोळा करत बसायचं का? थिअरीचं काय वाचू, आणि कादंबरीत नेमकं कुठे थांबून बघू? फार जड नको, गटात सगळे अभ्यासक नाहीत.

रानवाट
शेवंतीताई, नदीपासून सुरुवात करूच नका, मक्यापासून करा! टाम्बूची फी भरायला घरात पैसे नाहीत, बाप म्हणतो पुस्तकं शिजवून नवऱ्याला वाढणारेस का, घरी थांब, आईकडून स्वयंपाक शीक, भाजी लाव. तर ही मुलगी बियाणं मागते, आजीने पूर्वी कसलेल्या तुकड्यावर स्वतः मका लावते, घरची आणि मोठ्या शेतातली कामं उरकून मग त्यावर राबते, आणि पीक हाताशी आल्यावर तिचा भाऊ न्हामो तिचीच कणसं चोरून दोस्तांना वाटतो. आता बघा, जमीन कोण कसतं, पीक कोणाच्या हातात जातं आणि शाळेत कोण जातं, हे तिन्ही प्रश्न त्या एका प्रसंगात आहेत. त्याच्या आधी न्हामोच्या फीसाठी आई अंडी उकडून, भाजी घेऊन बस थांबते तिथे विकते हेही आहे. म्हणजे मुलगा शिकतो तो आईच्या कष्टावर आणि मुलीला सांगतात की शेतात जा. माझ्या मते इकोफेमिनिझमचं खरं काम इथे आहे, बाई कशासारखी दिसते यात नाही तर निसर्गाशी रोजचं काम कोणाचं आणि त्यातून येणारा पैसा कोणाचा यात.

थिअरीत एकच वाचायचं तर बीना अगरवाल यांचा १९९२ चा लेख वाचा, भारतातल्या अनुभवावरून स्त्रिया आणि पर्यावरण या वादाबद्दल लिहिलेला. वंदना शिवा यांनी १९८८ च्या पुस्तकात बाई आणि प्रकृती यांचं जे जवळचं नातं मांडलंय त्यावर अगरवाल यांचं म्हणणं असं की सगळ्या बायका एकसारख्या धरून चालत नाही, वर्ग, जात, जमिनीची मालकी, कामाची वाटणी यातून ते नातं घडतं. लेख थोडा लांब आहे पण समजायला कठीण नाही, आणि तो डोक्यात ठेवून मक्याचा भाग परत वाचला की कादंबरी एकदम वेगळीच दिसायला लागते.

अवनी७
रानवाट यांच्याशी सहमत, पण नदी सोडून देऊ नका हो. न्यामारिराच्या जवळ सरकारी इमारती येतात, मग दुकानं येतात, वर्दळ वाढते आणि बायकामुलांची धुण्याची आंघोळीची जागा उघड्यावर पडते. मला ते प्रतीक वाटतच नाही, ती चक्क एका सार्वजनिक जागेची गोष्ट आहे, आधी बायकांची होती आणि मग राहिली नाही, आणि हे करताना कोणी त्यांना विचारलंही नाही.

अजून एक, अॅनिस प्रॅट यांनी १९८१ च्या पुस्तकात स्त्रियांच्या कादंबऱ्यांमधल्या 'हिरव्या जगा'बद्दल लिहिलंय. म्हणजे मुलगी मोठी व्हायच्या आधी तिचं निसर्गात एक मोकळं जग असतं, मग लग्न, समाज, शिस्त येऊन ते सुटतं आणि ती आयुष्यभर मागे वळून बघत राहते. तुमच्या गटाला हे पटकन कळेल, आणि मग विचारता येईल की टाम्बूचं हिरवं जग खरंच मोकळं होतं का, कारण तिथे तर पाणी वाहणं आणि खुरपणी होती.

जुना वाचक
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. या नजरेने वाचणारे लोक बऱ्याचदा गावाकडे आणि मातीकडे परत चला असं काहीतरी कादंबरीच्या तोंडी घालतात, आणि इथे ते साफ चूक होईल. टाम्बूला तिथून बाहेर पडायचंय! भाऊ वारला त्याचं मला वाईट वाटलं नाही अशी कादंबरीची सुरुवात आहे, कारण तो वारला म्हणून तिला शाळेची जागा मिळाली. जिने उन्हात पाठ मोडून घेतलीये तिला जमिनीच्या सौंदर्याबद्दल सांगायला आपण कोण? तिची ती इच्छा खरी आहे आणि मला ती फार आदराची वाटते. चर्चेत हे आधी बोलून घ्या नाहीतर नंतरचं सगळं पोकळ होईल.

रानवाट
जुना वाचक, अगदी बरोबर, आणि म्हणूनच आजीचा भाग महत्त्वाचा. शेतात काम करता करता आजी नातीला घराण्याचा इतिहास सांगते, की गोरे आले, त्यांना ती जादूगार म्हणते, आणि चांगल्या जमिनीवरून हाकलून कुटुंबाला करड्या, रेताड, दगडगोट्यांच्या जागेवर आणून टाकलं, जी त्या गोऱ्यांनाही नको होती. १९३० च्या जमीन वाटप कायद्याने त्या देशाची जमीन रंगावरून वाटून टाकली होती, ते माहीत असलं की आजीचं बोलणं नुसती आठवण राहत नाही. म्हणजे टाम्बू ज्या मातीवर राबते ती मुळातच नापीक म्हणून वाट्याला आलेली माती आहे आणि त्यात घाम गाळायचं काम बायकांकडे. ती पळते कशापासून हे यातून कळतं, मातीपासून नाही, या वाटणीपासून पळते.

कल्पवृक्षी
उशिरा येतेय. व्हॅल प्लमवुड यांचं १९९३ चं पुस्तक अख्खं नाही झेपलं तरी द्वैतांबद्दलचं प्रकरण बघा, संस्कृती वर निसर्ग खाली, पुरुष वर स्त्री खाली, बुद्धी वर शरीर खाली, अशा जोड्या कशा एकमेकींना धरून असतात ते. त्यात एक फार कामाची कल्पना आहे, की वरचा ज्याच्या कष्टावर जगतो ते कष्ट तो दिसेनासे करतो, जणू पार्श्वभूमी. मला लगेच माइगुरू आठवली. टाम्बूची ही काकू इंग्लंडला जाऊन नवऱ्याइतकीच शिकून आलीये, मास्टर्स केलंय, कमावते, आणि घराण्यात कोणालाच ते माहीत नाही आणि तिचा पगार सगळा नवऱ्याच्या, बाबामुकुरूंच्या मोठेपणात जिरतो. शेतातली आई आणि ख्रिस्ती मिशनच्या घरातली शिकलेली काकू, दोघींचं काम सारखंच अदृश्य आहे!! हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचा एवढं कराच.

शेवंती
किती छान दिलंत सगळ्यांनी, मी मका, आजी आणि माइगुरू हे तीन भाग नक्की केले. एक अडलंय, न्याशाचं काय करू? टाम्बूची ती चुलतबहीण, बाबामुकुरूंची मुलगी, शेतात कुठेच नाही, इंग्लंडमध्ये वाढलेली, तिचं सगळं भांडण जेवणाच्या टेबलावर आणि बापाशी. तिला या नजरेत ओढूनताणून बसवल्यासारखं होईल का?

कल्पवृक्षी
नाही होणार, कारण तिच्या बाबतीत जमिनीच्या जागी शरीर आहे. बाबामुकुरू तिला ताटातलं संपवायला लावतात आणि ती नंतर ते ओकून टाकते, कारण अन्न ही त्या घरात मायेची नाही तर हुकमाची गोष्ट झालीये. टाम्बूकडे अन्न पिकवायचं काम होतं, पुढे ती शिकायला काकांच्या घरी मिशनमध्ये राहते तिथे ते नुसतं वाढून येतं आणि ताट पूर्ण केलं नाही तर तो अपमान धरला जातो. शेवटाकडे न्याशा इतिहासाचं पुस्तक दातांनी फाडते, त्यांचा खोटा इतिहास म्हणत, तिथे आजीने शेतात सांगितलेला इतिहास आठवा. एका मुलीला तो मातीत उभं राहून मिळाला, दुसरीला मिळालाच नाही.

अवनी७
वेळ उरला तर टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) मधली झेंडूबद्दलची पानं सोबत वाचा, १९४१ च्या शरद ऋतूत झेंडू उगवलेच नाहीत आणि मुली आधी स्वतःला दोष देतात, मग शेवटी क्लॉडिया म्हणते की या देशाची मातीच काही फुलांना वाईट आहे. टाम्बूच्या रेताड जमिनीला ते बरोबर भिडतं. फक्त त्यात लहान मुलीवरचा अत्याचार आहे, गटाला आधी सांगून ठेवा.

जुना वाचक
आणि टाम्बूचं पुढे काय झालं हे कोणी विचारलं तर २००६ आणि २०१८ मध्ये आलेले पुढचे दोन भाग आहेत. पण चर्चेच्या आधी ते वाचू नका, पहिल्या भागात तिची जी आशा आहे ती तशीच राहू द्या, त्या आशेशिवाय मक्याचा प्रसंग कळणार नाही.