अनुभव धागा : वाडीतलं माणूस अचानक गेलं, तर

बोट उलटते, दरड येते आणि एका रात्रीत वाडीतली चार घरं ओस पडतात. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावं, काय टाळावं, हे किनाऱ्यावरच्या जाणत्यांनी इथे लिहावं. कामाचं तेवढंच.

हर्णै, मच्छीमार सोसायटी

खलाशी बेपत्ता झाला की तटरक्षक दलाला 1554 वर आणि सागरी पोलिसांना 1093 वर, दोन्हीकडे कळवा. कपड्यांचा रंग, ताईत, गोंदण, जुना व्रण घरच्यांना शांतपणे विचारून एकाच कागदावर उतरवा आणि तोच आजूबाजूच्या बंदरांना धाडा. मृतदेहाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. आईला लेकाचा चेहरा तसा दिसू नये.

देह मिळाला की पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. घाईनं थेट स्मशानात नेलं की विम्याचं, मदतीचं प्रकरण तिथेच अडतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आधार, पासबुक आणि दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. एकीकडे 'पांडुरंग', दुसरीकडे 'पांडू', एवढ्यावरून महिने जातात.

गुहागर, आशा सेविका

पहिले तीन दिवस भाताचे टोप येतात, पंधराव्या दिवशी कुणी फिरकत नाही. म्हणून महिनाभराची घरवार पाळी आधीच लावा. धक्का बसलेल्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, पेज उतरते. मूठभर उकडे तांदूळ, पाच-सहा पेले पाणी, शीत पार मऊ होईतो शिजवायचं, मिठाची कणी. कोमट झाली की पेल्यात द्या, तोही अर्धाच भरून. हात थरथरत असतात.

पोरांना 'बाबा गावाला गेलेत' सांगू नका. ती एसटीच्या वेळेला रस्त्यावर जाऊन बसतात. 'बाबा वारले, आता परत येणार नाहीत' हे जवळच्या माणसानं मांडीवर घेऊन सांगावं. दहादा विचारतील, दहादा तेच सांगावं. कुणी मरणाची भाषा करू लागलं तर त्याच दिवशी टेलिमानसला (मनाच्या आजारासाठीची सरकारी मदतवाहिनी) 14416 वर फोन लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

महाड

तळिये (22 जुलै 2021) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023), दोन्हीकडे दरड कोसळली. शोध थांबला तेव्हा काही माणसं मातीखालीच राहिली. देह न मिळालेल्या घरात दार वाजलं की माना वळतात. 'पालाशविधी (देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यसंस्कार) उरकून टाका' असं भावकीनं म्हणू नये. वेळ घरानं ठरवावी. कायद्यानं बेपत्ता माणूस मृत धरायला एरवी सात वर्षं लागतात, मोठ्या आपत्तीत सरकार लवकर निर्णय घेऊ शकतं. तेव्हा बेपत्तांच्या यादीत नाव पहिल्याच दिवशी चढवा.

जैतापूर

मुसलमान घरात विधवेची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे घरात राहून पाळायचा काळ, चार महिने दहा दिवस असते. तिला कचेरीत बोलावू नका. तलाठ्यांना विनंती करा, सही-अंगठा घरी होऊ द्या.

मालवण

गणपतीला चाकरमानी येतात नि पडवीत टेकताच विचारतात, 'नेमकं झालं कसं?' प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना त्या बाईचा जीव पुन्हा जातो. शेजारच्या एकानं खळ्यात, म्हणजे अंगणातच, सगळं सांगावं, मग आत पाठवावं.

त्याआधी येते नारळी पौर्णिमा. त्या घरचा नारळ कोण सोडणार, हे आठवडाभर आधी विचारा. तिला स्वतः सोडायचा असेल, तर पुळणीवर तिला वाट करून द्या.