मदत हवी आहे: गॅमा किरण दिलेला कांदा रेडिओअ‍ॅक्टिव्ह का होत नाही?

नमस्कार मंडळी, भाची बारावीला आहे, इथे सिडकोत आमच्याकडेच राहते, काल कांदा चिरता चिरता विचारते की मामा, लासलगावला कांद्याला कोंब येऊ नये म्हणून कोबाल्ट-60 चे गॅमा किरण देतात ना, मग कांदा रेडिओअ‍ॅक्टिव्ह का होत नाही? कोबाल्ट-60 चं हाफ लाइफ, म्हणजे अर्धा उरायला लागणारा वेळ, मी वहीत काढून दाखवलं, 5.27 वर्षांत अर्धं, अजून तेवढ्याच वर्षांत पाव, तेवढं पटलं तिला. पण साध्या कोबाल्ट-59 ने न्यूट्रॉन गिळला की कोबाल्ट-60 होतो, मग गॅमाने तसं का नाही? या गॅमा किरणांची 1.17 आणि 1.33 एमईव्ही (ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा न्यूक्लियसमधून, म्हणजे अणूच्या केंद्रकातून, न्यूट्रॉन उडवायला कमी पडते म्हटलं, तर म्हणे किती कमी, तिथे मी अडलो. कोणी फिजिक्सवाले सर-मॅडम घरगुती उदाहरण देऊन समजावाल का प्लीज, रविवारी टेस्ट आहे तिची.