चर्चा: लाँगस्वर्डच्या नवशिक्याला मोकळं स्पारिंग केव्हा द्यावं?

सरळपातं (धागाकर्ता)

जर्मन परंपरेतली दोन हातांनी धरायची तलवार, म्हणजे लाँगस्वर्ड, शिकायला आलेल्याला पहिले सहा महिने मोकळं स्पारिंग (वार आधी न ठरवता खेळायची सरावाची लढत) देऊच नये, असं माझं मत आहे. आठवड्याला दोन वर्ग धरले तर साधारण ५० वर्ग. हल्ली चौथ्या आठवड्यातच डोक्यावर मास्क, हातात नायलॉनची तलवार आणि 'खेळा आता'. आधी कळस मग पाया.

लिख्तेनाउअर या मध्ययुगीन जर्मन तलवारगुरूच्या परंपरेत शिकायचं असतं काय ते बघा. ऑक्स, फ्लूग, आल्बर, फोम टाग हे चार पवित्रे दोन वर्गांत होतात. खरं काम त्सोर्नहाउ या तिरक्या वारापासून. समोरच्याने उजव्या खांद्यावरून तिरका वार टाकला, की तुम्हीही उजवीकडूनच, सरळ धारेने, जोरात त्यावर वार घालायचा. पाती भिडतात. त्याच क्षणी त्याच्या पात्याचा दाब तुमच्या हाताला कळला पाहिजे. दाब मऊ असेल तर टोक तसंच पुढे, चेहऱ्यात. त्याने टोक ओळखून ते जोराने बाजूला रेटलं, तर आपलं पातं त्याच्या पात्यावरून वर काढायचं आणि पलीकडून पुन्हा डोक्यावर. तो रेटत नाही, पण घट्ट धरून राहिला, तर मूठ वर चढवून पातं त्याच्या पात्यावरच फिरवायचं आणि वरून टोक आत.

दाब तीन, उत्तरं तीन, आणि विचार करायला वेळ नाही. हातात हा फरक यायच्या आधीच स्पारिंग दिलं तर माणूस पाती भिडताच दचकून तलवार मागे खेचतो आणि दुसऱ्या बाजूने हाणतो. समोरचाही तेच करतो. दोघांना लागतं, दोघंही हसतात, पुन्हा तेच. हे पुढे कोण निस्तरणार?

उलटी धार

साफ असहमत. सगळ्यात चिवट वाईट सवय ड्रिलमध्येच लागते. जोडीचं ड्रिल बाजूला उभं राहून बघा. वार करणारा डोक्यावर मारतच नाही. जोडीदाराची तलवार जिथे येणार हे माहीत आहे तिथे मारतो, तेही वीतभर लांबून. म्हणजे अडवणारा जो वार अडवतोय तो मुळात लागणारच नव्हता. तपासायचं असेल तर दोघांना मास्क घालू द्या, वेग निम्मा ठेवा आणि अडवणाऱ्याला सांगा की मधेच एकदा, न बोलता, अडवूच नकोस. वार मास्कवर टेकला तर ड्रिल खरं. हवेतून गेला तर गेले तीन आठवडे नुसती लेझीम चालली होती.

दुसरी गोष्ट पावलांची. 'एक'ला पाऊल, 'दोन'ला वार असं मोजून शिकवलं की पाय आधी पडतो आणि हात मागून येतो. जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज तलवारबाजाने १५९९ मध्ये हा हिशोब मांडून ठेवलाय: हात सगळ्यात चपळ, पाय सगळ्यात मंद, म्हणून हात आधी सुटला पाहिजे. पाय आधी टाकणारा डोकं घेऊन समोरच्याच्या टप्प्यात शिरतो आणि त्याची तलवार अजून खांद्यावरच असते. हे सांगून पटत नाही. त्याच क्षणी मास्कवर ठक्कन वाजलं की पटतं.

आणि स्पारिंग म्हणजे मोकळंच, असं कोण म्हणालं? तिसऱ्या वर्गापासून बांधलेले खेळ द्या. पहिला, तलवारीशिवाय: हाताने समोरच्याच्या खांद्याला शिवायचं, आपला वाचवायचा, दोन मिनिटं. अंतर यातच कळतं. दुसरा: एकाने फक्त वरून वार करायचा, दुसऱ्याने अडवून किंवा मागे सरून उत्तर द्यायचं. पण वार लागला तरी खेळ संपत नाही. मारणाऱ्याने पातं मधे ठेवून दोन पावलं सुखरूप बाहेर पडायचं, आणि लागलेल्याला तेवढ्यात एक उलट वार करायची मुभा. तिसरा: पाती मध्यावर भिडलेल्या स्थितीतच सुरुवात. एकजण दाब मऊ ठेवायचा की घट्ट हे मनात ठरवतो, दुसऱ्याने ओळखून तुमच्या तीन उत्तरांपैकी एक द्यायचं. तुमचा त्सोर्नहाउ इथेच शिकवून होतो, सहा महिने कशाला थांबायचं?

परज

तुम्ही दोघं तंत्रावर भांडताय, बोटांबद्दल कुणी बोलत नाही.

मोकळं स्पारिंग केव्हा, याचं अर्धं उत्तर हातमोज्यांत आहे. सरावाची बोथट पोलादी तलवार, म्हणजे फेडर, साधारण १३० सेंटिमीटर लांब आणि दीड किलोच्या आसपास असते. लॅक्रोस या खेळाचे हातमोजे घालून तिच्यापुढे उभं राहू नये. त्यांत बोटांची टोकं आणि अंगठ्याची बाजू फोमवरच असते, आणि नवशिक्याचा वार नेमका तिथेच बसतो, कारण तो हात पुढे काढून तलवार मागे ठेवतो. त्स्वेर्हाउ, म्हणजे आडवा वार, करताना तर अंगठा पात्याच्या सपाट बाजूखाली असतो. मूठ डोक्याच्या वर न नेता छातीशीच ठेवली की समोरचा वार परजेवर (मुठीपुढच्या आडव्या दांडीवर) न अडता थेट अंगठ्यावर येतो.

आणखी एक गैरसमज. जॅकेटवर ३५० किंवा ८०० न्यूटन लिहिलेलं असतं, मास्कच्या गळपट्टीवर ३५० किंवा १६००. हा आकडा मोडक्या पात्याचं टोक कापडातून आरपार जाऊ नये यासाठीचा आहे. ठोशाशी त्याचा संबंध नाही. ८०० न्यूटनच्या जॅकेटमध्येही कोपराचं हाड तडकू शकतं. त्यासाठी आत कडक कवच हवं. मास्कची जाळीही टोकासाठी बनलेली आहे. डोक्याची मागची बाजू उघडी असते, तिथे वेगळं आवरण लावावं लागतं, आणि घाबरलेला नवशिक्या वार आला की मान खाली घालून नेमकी तीच बाजू पुढे करतो. वाकणारा माणूस जोवर सरळ उभा राहत नाही, तोवर पोलाद नाही. महिने मोजण्यापेक्षा ही अट बरी.

पोथीबहाद्दर

न्यूर्नबर्गच्या जर्मनिक संग्रहालयात तलवारबाजीवरचं ३२२७अ क्रमांकाचं जुनं हस्तलिखित आहे. त्यात म्हटलंय की सराव कलेपेक्षा बरा, कारण कलेशिवाय सराव उपयोगी पडतो, पण सरावाशिवाय कला फुकट. हे वाक्य दोन्ही बाजू वापरणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो: तिथे 'सराव' म्हणजे ड्रिल की स्पारिंग, हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

क्रम हवा असेल तर फियोरे या इटालियन तलवारगुरूकडे बघा. १४१० च्या आसपासच्या त्याच्या पोथीच्या गेटी प्रतीत आधी कुस्ती, मग कट्यार, मग एका हाताची तलवार, मग दोन हातांची, पुढे चिलखत, परशू, भाला, शेवटी घोडा. म्हणजे अंगाला अंग भिडण्याची सवय आधी. आजच्या वर्गांत कुस्ती सहसा शेवटी येते, आली तर.

स्पारिंगवाल्यांनाही एक चिमटा. योआखिम मायर हा जर्मन तलवारशिक्षक १५७० मध्ये स्ट्रासबुर्गला लिहीत होता. त्याच्या लाँगस्वर्डमध्ये टोक खुपसायचे वार जवळपास नाहीत, कारण शहरांतल्या जाहीर सामन्यांत ते चालतच नव्हते. डोक्यातून रक्त काढलं की बाजी. खेळाच्या नियमाने कलेचा आकार असा बदलतो. उद्या तुमचे बांधलेले खेळही तेच करतील.

सरळपातं

@उलटी धार, वार हवेत जाण्याचा मुद्दा मान्य. मीही तेच सांगतो, फक्त माझा उपाय वेगळा: जोडीदार दर वेळी लागेल असाच मारेल, आणि अडवणारा चुकला तर लागेल. पण तुमच्या दुसऱ्या खेळात एक भोक आहे. उलट वाराची मुभा दिली की दोन आठवड्यांत लोक आधीचा वार खाऊनच घेतात आणि सगळं लक्ष त्या मोफत फटक्यावर ठेवतात. खरी धार असती तर पहिल्याच वाराने हात गेला असता. फियोरे म्हणतो की धारदार तलवारीने एकदा लढण्यापेक्षा आखाड्यात चिलखत घालून तीनदा लढेन. अशा माणसाची शिकवण मोफत फटक्याच्या खेळातून कशी शिकणार?

@पोथीबहाद्दर, मायरवर चिमटा योग्य. पण मायर पेशाने चाकू-सुऱ्या बनवणारा होता. धार म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागलं नसावं.

उलटी धार

मोफत फटका होतो तो गुणांचा तक्ता चुकीचा असल्यामुळे. उलट वाराला गुण देऊच नका, त्याने फक्त मारणाऱ्याचा गुण रद्द करा. मग वार खाऊन फायदा काहीच नाही आणि बेफिकीर मारूनही फायदा नाही. दोघांना एकदम लागलं तर दोघंही बाहेर, पुढची जोडी आत. रांगेत उभं राहायचा कंटाळा हा सगळ्यात स्वस्त शिक्षक.

नायलॉनबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. ते जाड आणि हलकं असतं, भिडल्यावर उसळतं, घसरतं. पोलादाच्या दोन धारा एकमेकींत किंचित रुततात, म्हणून दाब कळतो. नायलॉनवर पाती भिडवायला शिकवणं म्हणजे काठ्या वाजवणं. अंतराचे खेळ त्यावर ठीक, भिडंत मात्र हळू वेगात का होईना, पोलादावरच.

कोल्हापुरी_पवित्रा

आपल्याकडे मर्दानी खेळात आधी पवित्रे आणि लाठी, पट्टा नंतर. पण तिथे शिकवणारा समोर जिवंत आहे, त्याची चूक त्याच्या वस्तादाने सुधारलेली आहे. युरोपात ही साखळी तुटली. पोथी वाचून उभं केलेलं तंत्र बरोबर आहे की नाही, हे प्रतिकार करणाऱ्या माणसावर करून बघितल्याशिवाय कळणार कसं? सहा महिने ड्रिल घ्या, पण त्या ड्रिलची परीक्षा कुणी घेतली?

(अवांतर: मराठ्यांची फिरंग म्हणजे युरोपीय पातं आणि देशी मूठ. पातं आलं, त्याची पोथी काही आली नाही.)

परज

धारेची परीक्षा तरी सोपी आहे. रात्रभर भिजवलेली तातामीची, म्हणजे जपानी गवती चटईची, गुंडाळी आणि धारदार तलवार. पातं वाराच्या रेषेपासून थोडं फिरलं तरी काप वाटीसारखा वळतो किंवा तलवार मधेच अडकते. फेडरने सपाट बाजू लागली तरी पंच झेंडा उचलतो, तातामी उचलत नाही. तीन महिन्यांत एकदा तरी हे करावं, आणि रेषा साधेपर्यंत जोर वाढवू नये.

सरळपातं

@कोल्हापुरी_पवित्रा, परीक्षा हवी हे कबूल. मग सहा महिन्यांचा हट्ट सोडतो, त्याऐवजी अट घालतो. अडवल्यावर उत्तर द्यायचं, अशा सलग दहा चकमकी, पोलादावर, तीन चतुर्थांश वेगात. दोघांना एकदम लागणं जास्तीत जास्त दोनदा, आणि मान एकदाही खाली नाही. पास झाला तर मोकळं स्पारिंग, मग तो दहावा वर्ग असो की साठावा.

उलटी धार

दहा चकमकी ठीक. पण समोर कोण? मित्र असेल तर दोघं मिळून पास होतील. दर दोन चकमकींनी जोडीदार बदला, त्यात एक डावखुरा हवाच. डावखुऱ्यापुढे तुमच्या त्सोर्नहाउची बाजूच उलटते. तिथे दहापैकी सहा साधल्या तरी मी त्याला मास्क बांधून आत सोडेन.

सरळपातं

सहा नाही, आठ. आणि डावखुरा शेवटी, दमल्यावर.